साठी उलटल्यावर पैसे भरून आरोग्य-कार्यक्रम घ्यावा का? अनुभव सांगा

ओवी_ठाणे

परवा माळा आवरताना बाबांची जुनी कापडी पिशवी निघाली. आत उरुळी कांचनच्या निसर्गोपचार आश्रमाचे कागद. बाबांना दमा होता, ऐंशीच्या दशकात ते तिथे राहून आले होते. पोटावर मातीची पट्टी, कटिस्नान, बिनमिठाच्या उकडलेल्या भाज्या. आई चिडून म्हणायची, "पैसे मोजून उपाशी राहायला निघालेत!" पण परत आले ते हलके होऊन, आणि पुढे जन्मभर रात्रीचं जेवण सातच्या आत. गांधीजींनी १९४६ मध्ये सुरू केलेला आश्रम, मणिभाई देसाईंनी तो वाढवला, हे आम्हा भावंडांना त्यांनी इतक्यांदा सांगितलंय की पाठच झालं.

नेमका याच आठवड्यात आमच्या सोसायटीच्या हॉलमध्ये एका कंपनीचा कार्यक्रम झाला. सहा महिने, ५४,००० रुपये. आहारतज्ज्ञ, मोबाइलवर रोज व्यायाम, रक्ततपासण्या आणि "शुगर रिव्हर्स" करून देतो म्हणतात. महिनाअखेरीपर्यंत नाव दिलं तर दहा हजार सूट.

मी ६६. साखरेची एचबीएवनसी तपासणी ७.१, बीपीची गोळी चालू, डावा गुडघा जिना उतरताना बोलतो. लेक म्हणते, आई भर, पैसे मी देते. हे म्हणतात, समोर बाग आहे, फिर की. दोघांचंही पटतं म्हणून अडकले आहे. साठीनंतर असं काही केलेल्यांनी लिहा ना. फायदा झाला का, आणि कार्यक्रम संपल्यावर काय उरलं?

केतकी_कोथरूड

किती छान आठवण! ते कागद जपून ठेवा. महिनाअखेरीची सूट वगैरे मनावर घेऊ नका, पुढच्या महिन्यात पुन्हा तीच सूट असते. सविस्तर नंतर लिहिते, बाई आल्यात.

दत्ता_नाशिक

वय ७०. मी पैसे भरतो आणि भरत राहणार. महिना ३,५०० रुपये. पण आमचं अ‍ॅप नाही. गल्लीतल्या फिजिओथेरपिस्ट बाईंकडे पाच म्हाताऱ्यांची बॅच आहे, आठवड्यातून तीन वेळा.

पहिल्या दिवशी व्यायाम नाहीच. खुर्चीत बसवलं, हात छातीवर घडी घालायला लावले आणि तीस सेकंदांत किती वेळा उठता येतं ते मोजलं. मग एका पायावर उभं राहणं. मग खुर्चीतून उठून तीन मीटर चालून परत येऊन बसणं, हातात घड्याळ. खांदा किती वर जातो, औषधं कोणती, कधी पडलात का, सगळं वहीत. दर तीन महिन्यांनी तेच पुन्हा. मला आता जमिनीवर बसून हाताच्या टेकूशिवाय उठता येतं. नातू खाली खेळतो, मीही खाली.

चालणं मी वीस वर्षं करतोय हो, त्याने दमसास वाढतो, पण मांड्यांना ताकद त्याने येत नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० मध्ये सांगितलंय तेही हेच: आठवड्याला किमान १५० मिनिटं चालण्यासारखा व्यायाम, शिवाय दोन दिवस ताकदीचा, आणि पासष्टीपुढे तीन दिवस तोल सांभाळण्याचा. बागेत पहिलं होतं, बाकीचं कुणी शिकवावं लागतं. ओवीताई, गुडघा बोलतोय ना, मग मोबाइलमधला माणूस तुमचा गुडघा कसा बघणार, एवढं विचारा.

मृण्मयी

दत्ताकाका, त्या बाई ठाण्यात शाखा काढतील का? 😀

रमा_डोंबिवली

घाईत लिहितेय पण हे लिहायलाच हवं.

साबा (सासूबाई) ७३. मोठ्या दिरांनी वाढदिवसाला असाच एक ऑनलाइन प्रोग्रॅम भेट दिला. नाव सांगत नाही. त्या प्रोग्रॅमच्या मुलीने (वय असेल पंचविसेक) फोनवर पोळी-भात बंद करायला सांगितलं, संध्याकाळी सहाला सूप आणि कोशिंबीर, मग सकाळपर्यंत काही नाही. साबा शिस्तीच्या, सांगितलं ते तंतोतंत. गोळ्या मात्र होत्या तशाच, त्यात साखर उतरवणारी ग्लिमेपिराइड.

दुसऱ्या आठवड्यात पहाटे आवाज आला म्हणून गेले तर घामाने निथळतायत आणि मला माझ्या नणंदेच्या नावाने हाक मारतायत. ग्लुकोमीटरवर साखर फक्त ५२. साखरेचं पाणी पाजलं, पंधरा मिनिटांनी परत मोजलं, मग बिस्किटं दिली. सकाळी आमचे नेहमीचे डॉक्टर म्हणाले, जेवण निम्मं आणि गोळी पूर्ण, दुसरं काय होणार. ती गोळी त्यांनी तेव्हाच बंद केली.

प्रोग्रॅमवाल्यांना फोन केला तर उत्तर काय, "शरीर डिटॉक्स होतंय, घाबरू नका." माझा हात थरथरत होता रागाने. घरात कोणी जागं नसतं तर?

पथ्य चांगलं की वाईट हा मुद्दाच नाही माझा. साखर खरंच उतरली होती. पण उतरणाऱ्या साखरेबरोबर गोळ्या कोण उतरवणार, हे त्या ५४ हजारांत आहे का ते आधी लिहून घ्या.

ओवी_ठाणे

बाप रे रमा. साबा आता बऱ्या आहेत ना? हा प्रश्न माझ्या डोक्यातच आला नव्हता.

रमा_डोंबिवली

हो हो, मस्त आहेत. आता डॉक्टरांना विचारून दुपारी एक भाकरी. कालच माझ्याशी वांग्याच्या भरीतावरून भांडल्या.

निवृत्त_सिस्टर

३४ वर्षं वॉर्डात काढली, म्हणून थोडं सांगते.

ग्लिमेपिराइड, ग्लिक्लाझाइड किंवा इन्सुलिन चालू असेल तर खाणं कमी करण्यापूर्वी डॉक्टर, नंतर नाही. नुसती मेटफॉर्मिन असेल तर साखर सहसा एवढी खाली जात नाही, पण वर्षानुवर्षं घेतली असेल तर बी-१२ तपासून घ्या. पायाला मुंग्या येतात आणि आपण वयावर ढकलतो.

बीपीवर टेल्मिसार्टनसारखी गोळी असेल तर कुणी सांगितलं म्हणून ते "कमी सोडियमचं" मीठ आणू नका. त्यात पोटॅशियम असतं. मूत्रपिंड थोडं थकलेलं असेल तर महागात पडतं. वजन उतरलं की बीपीही उतरतं, उठताना चक्कर आली तर अंगावर काढू नका. काचबिंदू असेल तर डोकं खाली जाणारी आसनं नकोत. डेक्सामध्ये (हाडांच्या घनतेची तपासणी) टी-स्कोअर उणे २.५ किंवा त्याखाली असेल तर कंबर गोल करून पुढे वाकायचं नाही.

आणि ओवीताई, ७.१ ऐकून घाबरू नका. आपल्या वयाला बरेच डॉक्टर साडेसातपर्यंत समाधानी असतात. एचबीएवनसी साधारण तीन महिन्यांची सरासरी सांगतो, त्यामुळे "तीस दिवसांत फरक" दाखवणाऱ्यांकडे जरा थांबूनच बघायचं.

केतकी_कोथरूड

सिस्टर, तुमचा प्रतिसाद घरच्या सगळ्यांना पाठवला. आईचं ते मीठ आजच काढून ठेवते, तिची पण टेल्मिसार्टनच आहे.

समीर_कु

पैशाच्या बाजूचं सांगतो. "विनाव्याज हप्ता" म्हणतात तो बहुतेक वेळा कार्यक्रमाचा हप्ता नसतो. एखादी फायनान्स कंपनी त्यांना सगळे पैसे आधीच देऊन टाकते आणि तुमच्या नावावर कर्ज चढतं. मेहुण्यांनी गुडघ्याच्या ऑपरेशनमुळे मधेच वर्ग सोडले. वर्गवाले म्हणाले, काका तुम्ही येऊ नका, बरे व्हा. हप्ते मात्र खात्यातून कापले जातच राहिले. सहीच्या कागदावर बारीक अक्षरात "रक्कम परत मिळणार नाही".

शेवटी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला (१९१५) तक्रार नोंदवली, पाठपुरावा केला, तेव्हा उरलेल्या महिन्यांचे पैसे आले. नंबर सगळ्यांनी सेव्ह करा. आणि महिन्या-महिन्याने पैसे घेत असतील तरच विचार करा. ज्याला आपल्या कामाची खात्री आहे तो सहा महिन्यांचं आगाऊ कशाला मागेल?

अलका_इस्लामपूर

आमच्याकडं असलं काय न्हाई बघा. ज्येष्ठ नागरिक संघाचा हॉल हाय, सकाळी सहाला प्राणायाम, वर्षाची वर्गणी भरायची तेवढीच. मास्तर रिटायर पीटी टीचर. मला चार वर्सं झाली. कुणी दोन दिवस आलं न्हाई तर मास्तर घरी माणूस धाडतात. आता ऊसतोड सुरू हाय तर हजेरी कमी हाय.

नंदू

फुकटच हवं असेल तर डॉ. दीक्षितांचं आहे की. दोनदा जेवायचं, प्रत्येकी ५५ मिनिटांत, आणि ४५ मिनिटांत साडेचार किलोमीटर चालणं. एक रुपया लागत नाही. माझा पोटाचा घेर उतरला.

निवृत्त_सिस्टर

नंदूभाऊ, छान. पण गोळ्या चालू असलेल्यांना तेच सांगणं, आधी डॉक्टर. आणि बोलत्या गुडघ्याने ४५ मिनिटांत साडेचार किलोमीटर लगेच नको.

नंदू

हो, बरोबर. मला गोळ्या नाहीत, म्हणून लक्षात आलं नाही.

मृण्मयी

दीक्षित डाएटमध्ये चहाचं काय करता हो? आमच्याकडे तिथेच गाडी अडते.

नंदू

बिनसाखरेचा, अगदी थोडं दूध. आठवडाभर नको वाटतो, मग जीभ ऐकते.

वर्षा_न्यूजर्सी

इकडे अमेरिकेत पासष्टीनंतर मेडिकेअर अ‍ॅडव्हांटेज या आरोग्य विम्याच्या बऱ्याच प्लॅनमध्ये सिल्व्हरस्नीकर्स मिळतं, म्हणजे जिम आणि ज्येष्ठांचे वर्ग, वेगळे पैसे नाहीत. पण आई-बाबा व्हिजिटर म्हणून येतात, त्यांना कुठलं मिळायला. ते मॉलमध्ये चालतात आणि तिथे तीन मराठी जोडपी भेटली!

शरद_मिरारोड

सहसा लिहीत नाही. दोन वर्षांपूर्वी मंडळी गेल्या. मुलगा बंगलोरला. सकाळी उठून कशाला तयार व्हायचं हेच कळेना. डॉक्टरांनी सांगितलं म्हणून तरणतलावावर ज्येष्ठांची बॅच लावली. पाण्यात उभं राहून व्यायाम, गळ्यापर्यंत पाणी, गुडघ्यावर भार येत नाही. वर्षाचे पैसे भरताना वाटलं, एकट्यासाठी एवढे कशाला.

आता सांगतो, ते पैसे मी पाण्यासाठी देतच नाही. सव्वासातला नाही पोचलो तर सातवीसला फोन येतो, "शरदराव, कुठे?" त्या एका फोनसाठी मी अंघोळ करून, शर्टाला इस्त्री करून निघतो. बॅच संपली की सगळे मिळून उपम्याला जातो. साखर किती उतरली ते मला माहीत नाही, मोजायला हवी. भूक मात्र परत आली.

ओवीताई, तुमच्याकडे लेक आहे, यजमान आहेत, तुमचं वेगळं असेल. पण मोबाइलसमोर एकटं हातवारे करणं आणि चार माणसांत जाणं यांत मी तरी चार माणसं घेईन.

अलका_इस्लामपूर

दादा, शर्ट इस्त्रीचा वाचून डोळं भरलं. जात ऱ्हावा.

केतकी_कोथरूड

शरदकाका 🙏

आता सुचलं ते लिहिते. आई गेल्या वर्षी कैवल्यधामला राहून आली, लोणावळ्याला. स्वामी कुवलयानंदांची १९२४ची संस्था. गेल्या गेल्या डॉक्टरांनी तपासलं, तिची आसनं त्याप्रमाणे. घरी आल्यावर रोज अनुलोम-विलोम आणि पवनमुक्तासन, कुणी मागे न लागता. तिला विचारलं, एवढं इथेच केलं असतंस तर? म्हणाली, इथे दर दहा मिनिटांनी तुम्ही "आई, हे कुठंय" विचारता. तिला खरं तर सुट्टी हवी होती, आणि सुट्टीवर जाते असं तिने मला कधी सांगितलं नसतं.

मृण्मयी

अगदी! माझी सासू "गुडघ्यासाठी" म्हणून केरळला गेली. लोणावळ्याहून चिक्की आणली का?

केतकी_कोथरूड

दोन किलो. पथ्य संपलं होतं म्हणे.

ओवी_ठाणे

सगळं वाचलं, यांनाही मोठ्याने वाचून दाखवलं. काल कंपनीच्या मुलाला फोन केला. विचारलं, माझ्या गोळ्या कोण कमी करणार? म्हणाला, "आमचे डॉक्टर रिपोर्ट बघतात." ते मला कधी बघणार? "व्हिडिओवर, मॅडम, महिन्यातून एकदा." महिन्याचे पैसे घ्याल का? तर नाही, सहा महिनेच. मुलगा बिचारा सभ्य होता, पण मला हवं ते त्याच्याकडे नाही. नाव देत नाहीये.

लेकीला सांगितलं, त्यातले थोडे पैसे दे, मला समोर बसून गुडघा बघणारं कोणीतरी हवंय. सोमवारी आमच्या फॅमिली डॉक्टरांकडे जाते, गोळ्यांची यादी, बी-१२ आणि डेक्साचं विचारायला. हेही येणार म्हणतात, त्यांना खुर्चीतून उठून दाखवायचंय.

दत्ताकाका, तुमच्या बाई पहिल्या दिवशी आणखी काय विचारतात? ठाण्यात शोधताना मला तीच यादी हाताशी हवी.

दत्ता_नाशिक

लिहून घ्या. चष्म्याचा नंबर कधी तपासला. रात्री बाथरूमला किती वेळा उठता. घरात गालिचा सरकतो का. चप्पल कोणती घालता. आणि एका वेळी बॅचमध्ये किती माणसं हे तुम्ही त्यांना विचारा. दहाच्या वर असतील तर तुमच्या गुडघ्याकडे लक्ष कोण देणार?

मृण्मयी

ओवीताई, मी घोडबंदर रोडला. एक बाई मिळाली तर आपण दोघी मिळून जाऊ? माझी संध्याकाळ मोकळी असते.

ओवी_ठाणे

चालेल की! मी पाचपाखाडीला. सकाळ जमेल का? संध्याकाळी माझी शिकवणी असते, दहावीची मुलं.

मृण्मयी

साडेनऊनंतर जमेल, डबे गेले की.

समीर_कु

पावती मात्र दोघींच्या वेगवेगळ्या नावाने घ्या.