मदत हवी आहे: सहाय्यक प्राध्यापक आणि पोस्टडॉक, दोन्हीकडे एकच सीव्ही चालेल का?

रानजाई

नमस्कार मंडळी,

वनस्पतीशास्त्रात पीएचडी केली आहे (२०१९). विषय होता कोल्हापूर भागातल्या सड्यांवरची, म्हणजे उघड्या खडकाळ पठारांवरची गवतं. सेट (प्राध्यापकपदाची राज्य पात्रता परीक्षा) झालेली आहे. २०१८ पासून, मधला खंड सोडला तर सहा वर्षं, दोन महाविद्यालयांत सीएचबीवर (तासिका तत्त्वावर) शिकवलं. आता एकाच पंधरवड्यात दोन अर्ज भरायचे आहेत. एक अनुदानित महाविद्यालयातल्या सहाय्यक प्राध्यापक पदाचा, दुसरा ब्रिटनमधल्या एका वनस्पती उद्यानात पोस्टडॉकचा, म्हणजे पीएचडीनंतरच्या संशोधन पदाचा. सीव्ही दोन्हीकडे मागितला आहे.

माझ्याकडे आहे तो अकरा पानांचा बायोडेटा. उजव्या कोपऱ्यात फोटो, मग वडिलांचं नाव, जन्मतारीख, जात, वैवाहिक स्थिती. त्याखाली दहावीपासूनचा टक्क्यांचा तक्ता. मग ४३ सेमिनार, कार्यशाळा आणि रिफ्रेशर अनुक्रमांकासहित. शेवटी ‘वरील माहिती खरी आहे’, स्थळ, दिनांक, सही. आमच्याकडे सगळे असाच करतात, मीही सीनियरची फाइल घेऊन त्यात माझी माहिती भरली. काल पहिल्यांदा तो परक्या माणसासारखा वाचून पाहिला. संशोधन सातव्या पानावर सुरू होतं, आणि ज्या कामात माझी चार वर्षं गेली ते त्यात कुठेच नाही.

चार पावसाळे मी सड्यांवर फिरले. ३१२ नमुने गोळा केले. रोज संध्याकाळी खोलीवर येऊन ओले कागद काढायचे, कोरडी वर्तमानपत्रं घालायची, नमुने दाबून वाळवायचा प्रेस पुन्हा आवळायचा. सड्यावर दमट हवा असली की गवताच्या कणसांना दोन दिवसांत बुरशी धरते, म्हणून एक दिवसही चुकवता येत नाही. ते सगळे नमुने आज विद्यापीठाच्या हर्बेरियममध्ये (वाळवलेल्या वनस्पतींच्या संग्रहालयात) संग्रह क्रमांकासकट जमा आहेत. हे सीव्हीत लिहितात का? कुठल्या शीर्षकाखाली?

आणखी तीन ठिकाणी अडले आहे.

लग्न २०१८ मध्ये झालं. पहिले पाच पेपर माहेरच्या आडनावाने आहेत, नंतरचे तीन सासरच्या. त्यातही एका नियतकालिकाने वडिलांचं नाव हेच आडनाव समजून छापलं. गुगल स्कॉलरवर मी तीन वेगवेगळ्या बायका आहे. राजपत्रातली नावबदलाची नोंद माझ्याकडे आहे, पण ब्रिटनमधल्या माणसाला राजपत्र काय कळणार?

दुसरं, २०१७ चा एक पेपर ज्या नियतकालिकात आला ते तेव्हा यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) मान्य नियतकालिकांच्या यादीत होतं. मे २०१८ मध्ये यूजीसीने ४,३०५ नियतकालिकं यादीतून काढली, त्यात तेही गेलं. पेपरमधलं काम खरं आहे, नमुने माझे आहेत. ठेवू की काढू?

तिसरं, २०२१-२२ मध्ये मुलगी झाली, तेव्हा १४ महिने काम नव्हतं. आणि पहिल्या महाविद्यालयाने सीएचबीच्या तीन वर्षांचं अनुभव प्रमाणपत्र अजून दिलेलं नाही. कार्यालयात चार हेलपाटे झाले.

कुणी निवड समितीवर काम केलं असेल किंवा बाहेर अर्ज केले असतील तर कृपया सांगा. खूप मोलाचं होईल.

खडूफळा

ताई, मी अनुदानित महाविद्यालयात विभागप्रमुख आहे, छाननीला बरेचदा बसलोय. आधी २०१८ च्या यूजीसी नियमावलीतला महाविद्यालयांसाठीचा तक्ता, म्हणजे ३-बी, समोर ठेवा. छाननीत हेच गुण मोजले जातात. पदवीला जास्तीत जास्त २१, पदव्युत्तरला २५, पीएचडीला २५. नेट (राष्ट्रीय पात्रता परीक्षा) जेआरएफसह, म्हणजे संशोधन शिष्यवृत्तीसह असेल तर १०, नुसती नेट ८, सेट ५. पेपरला प्रत्येकी २, पण कमाल ६. अनुभवाच्या दर वर्षाला २, कमाल १०. पुरस्काराला ३. सेमिनारला हजर राहण्याचा या तक्त्यात एकही गुण नाही. तुमचे ४३ सेमिनार दोन ओळींत उरकले तरी काही बिघडत नाही. जाहिरातीसोबत त्यांचा स्वतःचा तक्ता असेल तर मात्र त्याच क्रमाने भरा.

पेपरचे सहा गुण तीन पेपरांतच पूर्ण होतात, तेव्हा २०१७ च्या पेपरवर तुमचं काही अडलेलं नाही. तरी तो लपवू नका. काढून टाकण्याच्या त्याच नोटिशीत २ मे २०१८ पूर्वी छापलेल्या लेखांना गुण देता येतील असं म्हटलं होतं. प्रकाशनाचा महिना स्पष्ट लिहा आणि त्या नोटिशीची प्रत फाइलला लावा.

सीएचबीचं मात्र नीट सांभाळा. ‘सहा वर्षं अध्यापन’ असं एका ओळीत लिहू नका. वर्षागणिक लिहा: नियुक्ती कधीपासून कधीपर्यंत, आठवड्याला किती तास, कुठले वर्ग, विद्यापीठाची मान्यता होती का. तीन वर्षांची नियुक्तिपत्रं आणि मान्यतापत्रं असतीलच, ती जोडा. प्रमाणपत्रासाठी प्राचार्यांच्या नावे लेखी अर्ज द्या आणि आवक क्रमांक घ्या. तोंडी विचारलं की काम टेबलावरच राहतं. अर्जाची पोच फाइलला असली की ‘मागितलं आहे, मिळायचं आहे’ असं समितीला दाखवता तरी येतं.

मुळामुठा

मी पुण्याची, सध्या ब्रिटनमध्ये संशोधन करते. रानजाई, एकच सीव्ही दोन्हीकडे पाठवू नका.

इथे फोटो, जन्मतारीख, जात, वैवाहिक स्थिती, वडिलांचं नाव यांतलं काही म्हणजे काही लिहायचं नाही. पहिल्या अर्ध्या पानात तुम्ही कोण हे कळलं पाहिजे: नाव, ईमेल, ऑर्किड (ORCID, संशोधकाचा ओळख क्रमांक) आणि संशोधनाबद्दल तीन ओळी. मग नोकऱ्या आणि शिक्षण, दोन्ही ताज्यापासून मागे. दहावी-बारावी नको.

नावाचा गुंता ऑर्किडवर सुटतो. १६ अंकी क्रमांक फुकट मिळतो, आणि तिथे ‘या नावानेही ओळख’ असा रकाना आहे. तिन्ही नावं टाका, आठही पेपर जोडून घ्या. सीव्हीत प्रकाशनांच्या यादीवर एक ओळ लिहा की २०१८ पूर्वीचे लेख अमुक नावाने आहेत, आणि प्रत्येक लेखात स्वतःचं नाव ठळक करा. छापील नाव मात्र होतं तसंच ठेवा, बदलू नका. छापून आलेले, स्वीकारलेले आणि परीक्षणाधीन लेख वेगवेगळे दाखवा. नुसता लिहायला घेतलेला लेख या यादीत घालू नका.

१४ महिन्यांबद्दल ‘प्रसूती व बालसंगोपन’ आणि महिने, एवढी एक ओळ पुरे. खुलासा नको, माफी तर नकोच.

आणि हर्बेरियमचं काम पहिल्या पानावर घ्या! वनस्पती उद्यानात तुमचा अर्ज वाचणारा माणूस स्वतः नमुने हाताळणारा असणार. ‘क्षेत्रकार्य व संग्रह’ असं वेगळं शीर्षक करा. त्याखाली किती नमुने, कुठले सडे, कुठली वर्षं, कुठल्या हर्बेरियममध्ये जमा, संग्रह क्रमांक कुठून कुठपर्यंत. हर्बेरियमचं सांकेतिक नावही द्या, त्यावरून तो तुमचे नमुने शोधू शकतो. गवतं ओळखता येणारी माणसं जगभर कमी आहेत.

रानजाई

दोघांचे मनापासून आभार. रात्री बसून दुसरा सीव्ही लिहायला घेतला, चार पानांत आला. संग्रह क्रमांक वहीतून उतरवताना लक्षात आलं की २०१६ च्या पावसाळ्यातल्या सतरा नमुन्यांचे क्रमांक हर्बेरियमच्या नोंदीशी जुळत नाहीत. सोमवारी विद्यापीठात जाऊन ते तपासते, मगच आकडा लिहीन. महाविद्यालयाचा लेखी अर्जही त्याच दिवशी देते.

मुळामुठा, एक राहिलं: संदर्भासाठी तीन नावं मागितली आहेत. मार्गदर्शक सर निवृत्त झालेत, त्यांचा विद्यापीठाचा ईमेल बंद आहे. वैयक्तिक ईमेल दिलेला चालतो का?