बुबुळाचा पडदा नसेल तर पोटही तपासा
एकाच जनुकातल्या बिघाडाने जन्मजात व्यंगही आणि कॅन्सरही, हे अनेकांना पटत नाही. पण होतं तसं. डब्ल्यूटी-१ या जनुकापासून बनणारं प्रथिन डीएनएला चिकटून गर्भात मूत्रपिंड घडवणारी जनुकं चालू-बंद करतं. ते बिघडलं की मूत्रपिंड नीट घडत नाही, आणि अर्धवट राहिलेल्या पेशी वाढतच गेल्या तर विल्म्स ट्यूमर, म्हणजे लहान मुलांना होणारा मूत्रपिंडाचा कॅन्सर, होतो.

आमच्या खानापूरकडे एका बाळाच्या डोळ्यांत रंगीत पडदाच नव्हता. अंगणात आणलं की गच्च डोळे मिटून पदरात तोंड खुपसायचं. ग्रहण बाधलं म्हणून घरचे गप्प बसले, याचं फार वाईट वाटतं. डोळ्यातला हा पडदा घडायला लागणारं पॅक्स-६ आणि हे डब्ल्यूटी-१, दोन्ही जनुकं ११व्या गुणसूत्रावर जवळजवळ असतात. तेवढा तुकडा गळाला तर दोन्ही जातात. अशा बाळाची जनुक तपासणी कराच, आणि तुकडा गळालेला निघाला तर लहानपणी दर ३ महिन्यांनी पोटाची सोनोग्राफी. नुसत्या डोळ्यांच्या डॉक्टरवर भागवू नका.