घरच्या घरी पुढचे स्ट्रट बदलणे: कोणते घ्यावेत आणि कुठपर्यंतचे काम स्वतः करावे?

करवीरकर (प्रश्न):
माझ्याकडे 2010 सालची टोयोटा कोरोला आल्टिस आहे आणि तिचा बहुतेक प्रवास आंबा घाटातून कोल्हापूर ते रत्नागिरी असा होतो. पावसाळ्यानंतर पुढून खड्ड्यात धप्प असा आवाज येऊ लागला असून ब्रेक लावल्यावर गाडीचे नाक पूर्वीपेक्षा जास्त खाली जाते. डाव्या स्ट्रटच्या (चाकाचे धक्के शोषणारा, स्प्रिंग बसवलेला उभा शॉक ॲब्सॉर्बर) नळीवर तेलाचा ओघळ आहे आणि त्यावर धुळीचा थर बसला आहे. उजवा मात्र कोरडा दिसतो. एका गॅरेजमध्ये फक्त डावा बदलण्याचा सल्ला मिळाला, तर दुसरीकडे जुन्यातच तेल भरून देण्याची तयारी दाखवली गेली. ब्रेक पॅड मी स्वतः बदलतो आणि टॉर्क पाना, जॅक व दोन भक्कम स्टँड माझ्याकडे आहेत. स्ट्रट कोणते घ्यावेत, आणि हे काम घरी करणे शहाणपणाचे ठरेल का?

जुना फोरमन:
तेल भरून घेण्याचा विचार सर्वप्रथम सोडून द्यावा. नळीला भोक पाडून, तेल ओतून, वेल्डिंगने ते बुजवण्याचा हा उद्योग आपल्याकडे सर्रास चालतो. परंतु गळती ज्या सीलमधून झाली ते सील आणि ज्या रॉडवर ते घासते तो रॉड दोन्ही जुनेच राहतात, आणि आतील नायट्रोजनचा दाब तर परत येतच नाही. काही आठवडे गाडी बरी वाटते, इतकेच.

एकच बाजू बदलणेही योग्य नाही. उजवा कोरडा असला तरी तो तितकाच चाललेला आहे, आणि डावीकडे नवा व उजवीकडे थकलेला स्ट्रट असला तर वळणावर किंवा जोरात ब्रेक मारताना दोन्ही चाके वेगवेगळी वागतात. घाटात हे परवडणारे नाही. पुढचे दोन्ही एकदमच घ्यावेत, आणि डावा व उजवा वेगळा असतो, कारण ब्रेकच्या होजचा कंस विरुद्ध बाजूंना असतो, हे दुकानात बजावून सांगावे.

खरेदीपूर्वी आणखी एक खात्री करून घ्यावी. तेलाचा ओघळ आणि नाक खाली जाणे ही स्ट्रट संपल्याची लक्षणे आहेतच. परंतु लहान खडबडीवर टक-टक असा कोरडा आवाज येत असेल तर तो बहुधा लिंक रॉडचा (स्ट्रटला स्टॅबिलायझर बारशी जोडणाऱ्या छोट्या दांडीचा) असतो. स्टिअरिंग फिरवताना स्प्रिंग अडकून सुटल्यासारखा आवाज येत असेल तर वरच्या माउंटिंगचे बेअरिंग तपासावे. त्यासाठी गाडी उभी असताना दुसऱ्या कोणाला तरी स्टिअरिंग सावकाश फिरवायला सांगून स्प्रिंगच्या बाहेरील कडेवर बोटे नुसती टेकवावीत. बेअरिंग खराब असल्यास स्प्रिंग सलग न फिरता झटक्याने फिरते आणि तो झटका बोटांना स्पष्ट जाणवतो. वेटोळ्यांच्या मध्ये मात्र बोट घालू नये.

स्ट्रट निवडताना मूळ जातीचाच, म्हणजे दुहेरी नळीचा गॅसभरित स्ट्रट घ्यावा. टोयोटाचा अस्सल भाग, केवायबी किंवा आपल्या गाडीसाठी उपलब्ध असल्यास गॅब्रिएल, यांपैकी कोणताही चालेल. ब्रँडपेक्षा माल अधिकृत विक्रेत्याकडून आणि पक्क्या बिलावर घेणे मला अधिक महत्त्वाचे वाटते, कारण या बाजारात नकली खोक्यांचा सुळसुळाट आहे. कडक, स्पोर्ट प्रकारच्या स्ट्रटच्या मोहात पडू नये. माउंटिंग, बेअरिंग, बंप स्टॉप (स्ट्रट पूर्ण दबल्यावर धक्का घेणारा ठोकळा) आणि रबरी बूट त्याच वेळी नवे घालावेत. ते वाचवून पुन्हा तेवढीच खोलाखोल करावी लागते.

नट-बोल्ट:
काम घरी करता येते, पण त्याचे दोन भाग आहेत आणि त्यांतील धोका सारखा नाही. स्ट्रट गाडीतून काढणे हे मेहनतीचे काम आहे. स्ट्रटवरून स्प्रिंग उतरवणे हे जिवावर बेतू शकणारे काम आहे.

आपल्या मॉडेलमध्ये स्ट्रटची वरची टोके वायपरखालच्या प्लास्टिकच्या काउलमागे दडलेली असतात, त्यामुळे वायपरचे दांडे आणि काउल आधी काढावे लागेल. तिथे कडेला तीन नट आणि मधोमध रॉडचा एक नट दिसेल. स्प्रिंग कॉम्प्रेसरने (स्प्रिंग दाबून धरणाऱ्या यंत्राने) दाबलेली नसताना मधला नट कदापि पूर्ण सोडू नये. रत्नागिरीच्या खाऱ्या हवेत खालचे बोल्ट गंजलेले असणार, म्हणून आदल्या रात्रीच त्यांवर गंज सोडवणारे तेल मारून ठेवावे. लिंक रॉडचा नट सोडताना आतला खिळा सोबत फिरत राहिला तर तो ॲलन कीने धरावा लागतो. होजचा कंस आणि एबीएसची वायर मोकळी केल्यावर, नकलचे (चाकाचा हब धरणाऱ्या लोखंडी भागाचे) दोन बोल्ट काढण्यापूर्वी त्यांची जागा रंगाने खुणावून ठेवावी. बोल्ट निघताच नकल बाहेरच्या बाजूस कलंडते. ती आधीच तारेने बांधलेली नसेल तर ब्रेकचा होज ताणला जातो आणि ॲक्सलचा आतला जॉइंट निसटू शकतो. गाडीचे वजन स्टँडवर आणि मागच्या चाकांना ठोकळे, याविषयी आपणांस सांगण्याची गरज नसावी.

इथवर आल्यावर काढलेले दोन्ही स्ट्रट नव्यांसह पिशवीत घालून हायड्रॉलिक कॉम्प्रेसर असलेल्या गॅरेजमध्ये न्यावेत आणि तेवढी स्प्रिंग जुन्यावरून नव्यावर बसवून घ्यावी. मजुरी थोडी जाते, पण ते पैसे सार्थकी लागतात.

परदेशी पुणेकर:
मी न्यू जर्सीत असतो. इथे स्प्रिंग, माउंटिंगसह तयार जोडणी केलेला स्ट्रट मिळतो, त्यामुळे कॉम्प्रेसरची वेळच येत नाही. ऑटोझोनसारख्या दुकानांत अनामत ठेवून कॉम्प्रेसर वापरायलाही मिळतो. भारतात आपल्या गाडीसाठी अशी जोडणी मिळाली तरी तिच्यातील स्प्रिंग मूळ उंचीची आणि ताकदीची आहे ना, हे पडताळूनच घ्यावी. इथल्या स्वस्त जोडण्यांमध्ये नेमकी तीच हलकी असते.

करवीरकर:
सर्वांचे आभार. स्प्रिंगचे काम बाहेर द्यायचे ठरवले आहे. ते चालू असताना मी समोर उभा राहून काय पाहावे? आणि नंतर अलाइनमेंट आवश्यकच आहे का?

जुना फोरमन:
जोडणीपूर्वी नवा स्ट्रट उभा धरून रॉड काही वेळा पूर्ण आत-बाहेर करावा. दुकानात आडवा पडून राहिलेल्या दुहेरी नळीच्या स्ट्रटमध्ये वायू नको तिथे शिरलेला असतो आणि तो असा बाहेर पडतो. रॉड पक्कडीने धरू देऊ नये, कारण चकचकीत पृष्ठभागावरचा एक ओरखडाही नवे सील फाडायला पुरेसा असतो. स्प्रिंगचे खालचे टोक बैठकीच्या पायरीला टेकले आहे आणि वरच्या बैठकीवरील खूण ठरलेल्या दिशेला आहे, हे कॉम्प्रेसर ढिला करण्यापूर्वी पाहावे. मधल्या नटावर इम्पॅक्ट गन चालवू देऊ नये.

अलाइनमेंट आवश्यक आहे. नकलच्या बोल्टांना छिद्रात किंचित जागा असते आणि खुणा जुळवूनही कॅम्बर व टो (चाकाचा उभा कल आणि आत-बाहेर वळलेपणा) थोडे हलतात. घाटातल्या वापरात ते टायरच्या कडांवर लगेच दिसते. चाकांचे नट 103 न्यूटन-मीटरला आवळावेत, बाकीची मूल्ये गाडीच्या सर्व्हिस पुस्तिकेतून घ्यावीत.

जुने स्ट्रट भंगारात देताना त्यांत दाबाखालचा वायू आहे हे त्या माणसाला सांगावे. ते गॅसकटरने कापल्यास फुटतात.