नवीन लायसन्स, जुनी वॅगनआर: इन्शुरन्स कुठला आणि कसा घेऊ?

कृष्णाकाठची
नमस्कार मंडळी. मागच्या महिन्यात कराडच्या आरटीओत फोर व्हीलरची टेस्ट पास झाले. वय ४४, जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका आहे. शाळा उंब्रजच्या पुढे आत एका गावात. आजवर वडापने जात आले, पण पावसाळ्यात जीप वेळेवर मिळत नाही आणि तिसरीच्या मुलांना वर्गाबाहेर ताटकळत ठेवणं मला पटत नाही. म्हणून पुण्याच्या मावसदिरांची २०१७ ची वॅगनआर २ लाख ६० हजारांना घेतेय. पेट्रोल, ९९८ सीसी, एमएच-१२ पासिंग. त्यांच्या पॉलिसीला अजून पाच महिने आहेत आणि एनसीबी (नो क्लेम बोनस, म्हणजे क्लेम न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट) ५० टक्के आहे.

एक एजंट म्हणाले, "मॅडम, लायसन्स नवीन आहे, हप्ता जास्तच बसणार," आणि ९,४०० सांगितले. दुसऱ्यांनी ५,६०० सांगितले. मोबाईलवर स्वतः माहिती भरली तर ४,९०० दाखवतंय. गाडी तीच, मी तीच, मग एवढा फरक कसा? जुनीच पॉलिसी नावावर करून घेऊ की नवीन काढू? माझ्या स्कूटीवर इतक्या वर्षांत एकही क्लेम नाही, त्याचा काही फायदा होतो का? घराचा हप्ता चालू आहे, त्यामुळे जपून खर्च करायचाय. पण स्वस्तात काहीतरी घेऊन ऐनवेळी हात वर झाले, असंही नको.

घाटवाट
ताई, अभिनंदन! आठ वर्षांच्या गाडीला फुल इन्शुरन्स कशाला? नुसता थर्ड पार्टी, म्हणजे समोरच्याच्या नुकसानीपुरता, काढा. १००० सीसीच्या आतल्या गाडीला २,०९४ रुपये, वर जीएसटी. पोलिसांनी अडवलं तरी चिंता नाही.

सर्व्हेची डायरी
ताई, मोटार क्लेमचं काम करतो, त्यामुळे सविस्तर लिहितो. घाटवाट यांनी आकडा बरोबर दिलाय, सल्ला मात्र मला मान्य नाही.

आधी एजंटचं बोलणं. थर्ड पार्टीचा दर कंपनी ठरवत नाही, तो सरकार ठरवतं. जून २०२२ पासून खाजगी गाड्यांना १००० सीसीपर्यंत २,०९४, १५०० पर्यंत ३,४१६ आणि त्यावर ७,८९७ असा आहे. कुठल्याही कंपनीत जा, हाच. तुमचं लायसन्स काल निघालेलं असो की वीस वर्षांपूर्वी, या रकमेत एक रुपयाही इकडचा तिकडे होत नाही. फरक पडतो तो ओन डॅमेजमध्ये, म्हणजे आपल्याच गाडीच्या नुकसानीच्या भागात, आणि आपल्याकडे तिथेही मुख्यतः गाडीच बघतात: मॉडेल, वय, सीसी, पासिंग कुठलं, आयडीव्ही (विम्यासाठी धरलेली गाडीची किंमत) किती.

आता ४,९०० चं कोडं. तुम्ही भरताना "मागच्या वर्षी क्लेम केला का?" याला "नाही" म्हणालात ना? मग त्या साइटने मावसदिरांचा ५० टक्के एनसीबी तुम्हाला लावून टाकला. एनसीबी गाडीचा नसतो, मालकाचा असतो. गाडी विकली की तो दिरांकडे राहतो. त्यांनी कंपनीकडून पत्र घेऊन ठेवावं, पुढच्या गाडीला लागेल. तुमची सुरुवात शून्यापासून. स्कूटीचाही इथे उपयोग नाही, दुचाकीचा एनसीबी चारचाकीला चालत नाही. हे मी कळकळीने सांगतोय, कारण अशी प्रकरणं टेबलावर येतात. माणूस प्रामाणिक असतो, फॉर्म कुणीतरी घाईत भरलेला असतो. गाडी ठोकल्यावर कंपनी आधीच्या कंपनीला विचारते, एनसीबी चुकीचा निघतो आणि क्लेम अडकतो.

५,६०० वाल्यांच्या कोटेशनवर आयडीव्हीचा आकडा बघा. माझा अंदाज, दीड-पावणेदोन लाख असेल. आयडीव्ही म्हणजे गाडी चोरीला गेली किंवा टोटल लॉस झाली तर मिळणारी जास्तीत जास्त रक्कम. पाच वर्षांपुढच्या गाडीला ती कंपनी आणि मालक यांच्या संमतीने ठरते, त्यामुळे खाली ओढून हप्ता कमी दाखवणं सोपं. तुम्ही २ लाख ६० हजार मोजताय, तर आयडीव्ही त्याच्याच जवळपास मागा.

नुसता थर्ड पार्टी का नको? त्यात समोरच्याचं नुकसान भरून निघतं, तुमच्या गाडीचं काही नाही. चोरी, आग, कृष्णेचं पाणी चढलं तर काहीच मिळणार नाही. पाच-सहा वर्षांनी गाडीची किंमत लाखाच्या आत आली की खुशाल थर्ड पार्टीवर या.

आणि नवशिक्यांची गाडी बहुधा बंपरलाच घासते, त्याचा हिशोब आत्ताच समजून घ्या. समजा बंपर ४,००० चा. प्लास्टिकवर ५० टक्के घसारा, राहिले २,०००. तुमच्या गाडीला सक्तीची वजावट १,००० रुपये. म्हणजे पार्टचे हाती १,०००, आणि तेवढ्यासाठी पुढच्या वर्षीचा २० टक्के एनसीबी गेला. अशी कामं खिशातून करा, क्लेम मोठ्या नुकसानीसाठी राखून ठेवा. झिरो डेपचा, म्हणजे घसारा न कापणाऱ्या जादा कव्हरचा, आग्रह धरू नका, या वयाच्या गाडीला बऱ्याच कंपन्या देत नाहीत.

कृष्णाकाठची
खूप खूप आभार! कोटेशन काढून बघितलं: ५,६०० मध्ये आयडीव्ही १ लाख ७० हजारच आहे. आणि मोबाईलवर मी खरंच "नाही" दाबलं होतं, प्रश्न तसाच होता. मग दिरांची पॉलिसी नावावर करण्यात अर्थ आहे का?

सर्व्हेची डायरी
आहे, पाच महिने हप्ता पुन्हा भरायला नको. फक्त व्यवहाराच्या तारखेपासून १४ दिवसांत कंपनीकडे अर्ज जायला हवा, फॉर्म २९ आणि ३० (गाडी नावावर करायचे आरटीओचे फॉर्म) च्या प्रती जोडून. उरलेल्या पाच महिन्यांपुरता एनसीबीचा फरक तुमच्याकडून घेतील, तो द्या. हे राहून गेलं आणि मध्येच गाडी ठोकली, तर समोरच्याची भरपाई होईल, तुमच्या गाडीची होणार नाही. मालक-चालकाचा १५ लाखांचा अपघात विमा तुमच्या नावाने आहे ना, तेवढं लेखी विचारा. तुमचा वेगळा तेवढ्या रकमेचा अपघात विमा आधीच असेल, तर तसं लिहून देऊन हा वगळता येतो.

पेठनाका
ताई, शाळेपुरतीच गाडी चालणार असेल तर नूतनीकरणाच्या वेळी "पे ॲज यू ड्राइव्ह" विचारा. २०२२ पासून परवानगी आहे. वर्षाचे किलोमीटर आधी सांगायचे, ओन डॅमेजचा हप्ता कमी बसतो. मे महिन्याच्या सुट्टीत, दिवाळीत तुमची गाडी उभीच असणार, तुम्हाला हे जमेल. पण किलोमीटर हात राखून सांगू नका, मर्यादा ओलांडली तर काय होतं ते पॉलिसीत वाचा.

कृष्णाकाठची
आज दिरांशी बोलले. शनिवारी पुण्याला जाऊन फॉर्मवर सह्या करतो आणि तिथूनच कंपनीच्या ऑफिसात अर्ज देतो. पहिल्या एजंटांना फोन करून एनसीबी शून्य, आयडीव्ही २ लाख ६० हजार, बाकी जादा कव्हरं (ॲड-ऑन) काढा असं सांगितलं, तर तेच ९,४०० वरून ७,३०० वर आले. पाच महिन्यांनी याच आकड्यावर बोलायला बसेन. एक राहिलं: दिरांनी गाडीला सीएनजी किट बसवायचा विचार केला होता, बसवलेलं नाही. मी पुढे बसवलं तर कंपनीला कळवावं लागतं का?

सर्व्हेची डायरी
हो, लगेच. आधी आरसीवर नोंद, मग पॉलिसीवर. किटच्या किमतीवर थोडा जादा हप्ता बसतो. नोंद नसताना आग लागली तर क्लेम हातचा जातो.