देवणी गायींसाठी हायड्रॉलिक खोडा घ्यायचाय, काय बघून घ्यावा?

उदगीरचा_गोठा:
रामराम मंडळी. 22 देवणी गायी, 9 म्हशी आणि 1 वळू आहे. लस-औषधासाठी जनावर अडकवून धरायचा खोडा साधाच, दवाखान्यात असतो तसा पाइपचा. मागच्या महिन्यात लाळ्या-खुरकुताची लस टोचताना एक गाय खोड्यातच गुडघ्यावर बसली. मान आडव्या पाइपवर आली, सगळं वजन गळ्यावर. मागचा अडसर काढावा तर पिन गंजून धरलेली. जीभ बाहेर आली, डोळे फिरले. भावानं घणानं ठोकून पिन काढली तेव्हा ती मागं सरकली. गाय वाचली. सहा महिन्यांची गाभण आहे. पण आता खोड्याकडं नुसतं वळवलं तरी चारी पाय रोवून उभी राहते, अंग थरथरतं तिचं.

म्हणून हायड्रॉलिक, म्हणजे तेलाच्या दाबावर मानेचं फाटक आणि कुशी आवळणारा खोडा करायचं ठरवलंय. फॅब्रिकेटर पाइपची जाडी सांगतो, टन सांगतो. गाय आत बसली तर काय, हे विचारलं की गप्प बसतो. शिवाय आमच्या फीडरला थ्री फेज काही दिवस रात्रीचीच असते. कुणी वापरलाय का?

अहमदपूरकर:
दादा, 32 जनावरांना हायड्रॉलिक कशाला? हातानं दांडा ओढून आवळायचा खोडा करा. बिघडला तर गावातला वेल्डर नीट करतो.

निवृत्त_पशुधन_पर्यवेक्षक:
उदगीरकर, तुमची गाय बसली त्यात तिचा दोष नाही. आडव्या पाइपवर मान आली की श्वासनळी दाबली जाते. मानेचं फाटक सरळ उभ्या नळ्यांचंच घ्या. वाकवलेल्या नळ्यांत डोकं घट्ट राहतं खरं, पण जनावर बसलं की गळा आवळतो. सरळ नळीत मान खाली घसरत जाते, श्वास चालू राहतो. बाकी काही विसरलात तरी एवढं विसरू नका.

दुसरं, शिंगं. परदेशी नमुन्याचे बरेच खोडे बिनशिंगी जनावरांच्या मापाचे असतात. देवणीची शिंगं बाहेर जातात. वळूची शिंगं टोकापासून टोकापर्यंत मोजा, पूर्ण उघडलेलं फाटक त्याहून वीतभर रुंद हवं.

कुशी दोन्ही बाजूंनी सारख्या आवळल्या पाहिजेत. एकाच बाजूनं दाब आला की जनावराचा तोल जातो आणि ते जास्त झगडतं. दाबाचा रिलीफ व्हॉल्व असा लावून घ्या की ठरल्या दाबाला आवळणं आपोआप थांबेल. आवळताना जनावर कण्हलं, तोंड उघडून श्वास घेऊ लागलं, तर दाब जास्त आहे, लगेच सैल करा. गाभणीच्या कुशी आवळूच नका, तिला मान आणि मागचा अडसर पुरे.

लाइटचं म्हणाल तर हातपंप सोबत हवाच, आणि फाटक हातानं सोडता आलं पाहिजे. तेलाचा पाइप फुटला तरी फाटक एकदम सुटू नये, त्यासाठी सिलिंडरलाच लॉक व्हॉल्व असतो. पैसे देण्याआधी जनावर आत घालून मेन स्विच बंद करायला लावा आणि सोडवून दाखवा म्हणा. बाजूचा पत्रा पूर्ण उघडणारा मागा, बसलेलं जनावर आडवं बाहेर काढता येतं.

खाली गुळगुळीत पत्रा नको, आडव्या सळया जोडून घ्या. पाय घसरला की जनावर बिथरतं. मोटर लांब ठेवा, तिचा आवाज कानाशी नको. बाजू पत्र्यानं बंद करा, तोंडाशी दोर, साखळी, कपडा काही लोंबू देऊ नका. जनावर अंधारातून उजेडाकडं जातं, पण डोळ्यावर ऊन आलं की थबकतं. खोड्याचं तोंड तेवढं बघून करा.

अहमदपूरकरांचं खोटं नाही. हातानं आवळायच्या खोड्यातही फाटक, शिंगं आणि जमीन याच तीन गोष्टी बघायच्या. खर्च करण्याआधी नकाशा घेऊन उदगीरच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात एकदा दाखवून या.

उदगीरचा_गोठा:
साहेब, लई उपकार झाले. आज शिंगं मोजली. वळूची 23 इंच, फॅब्रिकेटरच्या फाटकाची उघडीप 20. त्याला आधी थांबवलंय, नकाशा सोमवारी कॉलेजात नेतो.

त्या गायीसाठी जुन्या खोड्याची दोन्ही तोंडं उघडी टाकून आत सरकी ठेवतोय, तीन दिवस झाले. आज तोंडापर्यंत आली, मान लांबवून हुंगलं. पाय आत टाकला नाही अजून.