भर उन्हाळ्यातला नाताळ आणि दारी आलेले मित्र : आपलेही अनुभव लिहावेत

हॅमिल्टनकर
काल सकाळी गाडी धुताना काचेवर पोहुतुकावाच्या फुलांचे लाल तंतू चिकटलेले दिसले आणि काही वर्षांपूर्वीचा डिसेंबर आठवला. वसतिगृहातले दोन मित्र सपत्नीक न्यूझीलंडला आले होते आणि नाताळच्या आधीच्या आठवड्यात त्यांना आमचा प्रदेश दाखवण्याची जबाबदारी माझ्यावर होती. थेम्स या 1867 च्या सोन्याच्या गर्दीतून उभ्या राहिलेल्या गावापासून उत्तरेला, समुद्राला अगदी खेटून जाणारा इथल्या कोरोमंडल द्वीपकल्पाचा रस्ता डिसेंबरात पाहावा, कारण तेव्हा कड्यावरून पाण्यावर ओणवलेली पोहुतुकावाची झाडे लाल झालेली असतात. इथले लोक त्यालाच नाताळचे झाड म्हणतात.

माझा मुख्य बेत मात्र पूर्व किनाऱ्यावरच्या हॉट वॉटर बीचचा होता. तिथे वाळूखाली उकळत्यासारखे झरे आहेत, त्यांचे पाणी 64 अंशांपर्यंत तापलेले असते आणि ओहोटीच्या आधी व नंतर साधारण दोन-दोन तास वाळू खणून आपापले गरम पाण्याचे डबके करता येते. मी वेळ अगदी चोख टिपून ठेवली होती, परंतु पावसामुळे सहल पाच दिवस पुढे ढकलली आणि टिपलेली वेळ बदलायला विसरलो. फावडी खांद्यावर घेऊन आम्ही साडेअकराला पोहोचलो, तेव्हा खणायच्या जागेवर कमरेएवढ्या लाटा फुटत होत्या.

दोघांपैकी एक मित्र अलिबागचा आहे. कुलाबा किल्ल्यात चालत जायचे तर ओहोटी केव्हा लागेल हे ज्याला लहानपणापासून ठाऊक, त्याने फोनकडे पाहिलेसुद्धा नाही. "तुझी ओहोटी बाराची होती ना? रोज पाऊण तास पुढे, पाच दिवसांचे पावणेचार तास. चारच्या सुमारास पूर्ण ओहोटी, म्हणजे दोनला खणायला लागू. तोवर डबा सोड," असे म्हणून तो झाडाखाली आडवा झाला. दोन वाजता आम्ही खणू लागलो आणि वितभर खोलीवरच त्याचा पाय भाजला. इतकी वर्षे या देशात राहून मी कोष्टक पाहत होतो आणि हा पाहुणा मला माझाच समुद्र समजावून देत होता.

आपल्याकडे कोणी पाहुणे आले असतील आणि असे काही घडले असेल तर जरूर लिहावे.

पर्थची रहिवासी
आमच्याकडचे नाताळचे झाड निराळे आहे. नुइट्सिया असे त्याचे शास्त्रीय नाव असून इथले मूळ नूंगार लोक त्याला मूजार म्हणतात. डिसेंबरात ते भडक केशरी-पिवळ्या फुलांनी असे भरून जाते की दुरून एखाद्याने झाडाला आग लावली असे वाटावे. नागपूरची माझी मैत्रीण वनस्पतिशास्त्र शिकवते. तिला मी मोठ्या अभिमानाने ते दाखवले, तर ती म्हणाली, "अगं, हे तर बांडगुळाच्या कुळातले!" आणि ते खरेच आहे. हे झाड जमिनीखालून शेजारच्या झाडांच्या मुळांना विळखा घालून पाणी शोषते, आणि मुळे समजून पुरलेल्या तारासुद्धा कापते. मी तिच्यासाठी रॉटनेस्ट बेटाची तिकिटे काढली होती, पण तिला पुन्हा त्याच झाडापाशी जायचे होते. आम्ही दोन दिवस रस्त्याकडेच्या वाळूत उभ्या राहून एकच झाड पाहिले. मला सुरुवातीला राग आला होता, हे कबूल करते.

मोरिशसकर
ताई, आमच्या नाताळला गुलमोहोर फुलतो. आम्ही त्याला फ्लाँबॉयाँ म्हणतो. माझे पूर्वज रत्नागिरीकडून आले असे घरात सांगतात. माझे मराठी शाळेत शिकलेले आहे, चूक झाल्यास क्षमा असावी. सांगलीहून आलेल्या मित्रांना मी कास्काव्हेलचे भवानीचे देऊळ दाखवायला निघालो होतो, पण ते वाटेतच गाडी थांबवायला सांगू लागले, कारण गुलमोहोर त्यांनी केवळ वैशाखात पाहिलेला होता. त्यांनी मला विचारले, "मग तुमच्याकडे शाळेच्या परीक्षा संपल्या का?" मला आधी प्रश्नच समजला नाही. नंतर त्यांनी सांगितले की त्यांच्या मनात हे फूल आणि सुट्टी एकच आहे. आमच्याकडेही तसेच आहे, फक्त सोबत लिची असते. वटवाघळांपासून वाचवण्यासाठी लिचीच्या झाडांवर जाळ्या टाकतात, त्या पाहून त्यांना वाटले की झाडांना मच्छरदाणी लावली आहे.

मेलबर्नकर
मोरिशसकर, आपले मराठी आमच्या मुलांपेक्षा स्वच्छ आहे, क्षमा कसली मागता?

आमच्या मित्रांना फिलिप बेटावरचे पेंग्विन पाहायचे होते. ते अंधार पडतानाच समुद्रातून बाहेर येतात आणि डिसेंबरात अंधार नऊच्या सुमारास पडतो, हे मी सांगितले होते, परंतु दुपारी 38 अंश असताना कोणी स्वेटर घेण्याचे मनावर घेतले नाही. संध्याकाळी वारा उत्तरेकडून फिरून नैर्ऋत्येचा झाला आणि पारा तासाभरात धाडकन उतरला. पेंग्विन आले तेव्हा पुण्याची चार माणसे गाडीतल्या एकाच सतरंजीत गुंडाळून बसली होती. तिथे छायाचित्रे काढायला मनाई आहे, याबद्दल ते आजही आभार मानतात.

हॅमिल्टनकर, अलिबागच्या मित्राचा तो हिशेब नेमका कसा करतात, तेवढे सविस्तर सांगावे.

साताऱ्याची पाहुणी
मी दुसऱ्या बाजूने लिहिते, कारण मी पाहुणी म्हणून गेले होते. मैत्रीण न्यूझीलंडच्या दक्षिणेकडे ड्युनेडिनला राहते. तिथे त्या दिवसांत सूर्य साडेनऊच्या आसपास मावळतो. घरी मी दिवेलागणीला देवापुढे निरांजन लावते. पहिल्या दिवशी घड्याळात सात वाजले म्हणून लावले, तर खिडकीतून ऊन थेट निरांजनावर पडत होते आणि ज्योत दिसेना. दुसऱ्या दिवशी सूर्य मावळण्याची वाट पाहिली, तर सोफ्यावरच झोप लागली. शेवटी मैत्रिणीच्या सासूबाईंनी सांगितले, "आम्ही जेवणाआधी लावतो, देव समजून घेतात." नंतर आठवडाभर मी त्यांच्याबरोबरच लावले. मैत्रिणीने खूप काही दाखवले, मात्र मला आठवते ते उन्हातले ते निरांजन.

हॅमिल्टनकर
मेलबर्नकर, हिशेब असा आहे. कोकण किनाऱ्यावर तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ साधारण कळते. अष्टमी असेल तर आठाची पाऊणपट सहा, म्हणून सहाला भरती, आणि त्यानंतर सुमारे सहा तासांनी ओहोटी. इथे तो नियम जसाच्या तसा लागू पडत नाही, कारण प्रत्येक किनाऱ्याची भरतीची वेळ वेगळी असते. मित्राने पंचांग पाहून तसे करून पाहिले आणि घड्याळ काही जुळले नाही. मात्र रोज पाऊण तासाने, किंबहुना थोड्या अधिकाने, पुढे सरकण्याचा भाग दोन्ही समुद्रांना सारखाच आहे, त्यामुळे एका दिवसाची वेळ ठाऊक असली की पुढचे बोटांवर काढता येते.

साताऱ्याच्या ताई, आमच्या घरीही आता निरांजन जेवणाआधीच लागते. या डिसेंबरात कोणी न्यूझीलंडला येणार असेल तर दोन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. पंचवीस तारखेला कायद्यानुसार बहुतेक दुकाने बंद असतात, त्यामुळे दूध आदल्या दिवशीच आणून ठेवावे. आणि लाडू, लोणचे जे काही आणाल ते विमानतळावर अर्जात नोंदवावे. न नोंदवल्यास 400 डॉलर दंड होतो. मध तर आणूच नये. फावडी मात्र आणू नयेत, ती किनाऱ्याजवळच भाड्याने मिळतात.