गॅलरीच्या कठड्यावर क्लॅम्पने लावलेला फ्लॅश हळूहळू झुकतो. पक्का कसा बसवावा?

उपवनचा_कॅमेरा

नमस्कार. ठाण्यात आमच्या भागातील एका व्यायामशाळेत मल्लखांबाचा वर्ग चालतो आणि तेथील वार्षिक प्रात्यक्षिकांची छायाचित्रे काढण्याचे काम माझ्याकडे आले आहे. खाली मॅटच्या कडेला मुलांची सतत धावपळ असल्यामुळे स्टँड उभे करणे शक्य नाही, म्हणून वरच्या गॅलरीच्या पोलादी कठड्याला दोन फ्लॅश क्लॅम्पने लावून त्यांची तोंडे खांबाकडे वळवावीत, असे ठरवले आहे. सध्याची रचना अशी: स्प्रिंगचा क्लॅम्प, त्यावर लहान बॉल हेड (गोळ्यावर हवे तसे वळणारा सांधा), त्यावर धातूचा कोल्ड शू (फ्लॅशचा पाय सरकवून बसवायची खोबण), शूमध्ये कॅमेऱ्याचा इशारा घेणारा रेडिओ रिसीव्हर, रिसीव्हरवर चार पेन्सिल सेलचा फ्लॅश आणि फ्लॅशपुढे प्रकाश मऊ करणारा छोटा कापडी डबा, म्हणजे सॉफ्टबॉक्स.

सरावाच्या वेळी हे सर्व लावून पाहिले, तेव्हा बॉल हेडचा स्क्रू कितीही आवळला तरी तासाभरात फ्लॅशची मान खाली जाते आणि गॅलरीतील कोणी कठड्याला रेलले, की क्लॅम्पही थोडा फिरतो, असे दिसले. मोठा क्लॅम्प घेतल्याने एवढे भागेल का? प्रशिक्षकांनी परवानगी देताना एकच अट घातली आहे आणि ती रास्त आहे: खालच्या मुलांच्या अंगावर काहीही पडता कामा नये.

नेरूळची_छत्री

क्लॅम्प बदलावाच लागेल, पण केवळ तेवढ्याने भागणार नाही. आपल्या रचनेत कठड्यापासून फ्लॅशपर्यंत अनेक सांधे आहेत आणि त्यांपैकी एकही असा नाही, की जो खाचेत अडकून बसतो. सगळे केवळ घर्षणावर उभे आहेत. त्यात सर्वांत कच्चा सांधा म्हणजे फ्लॅशचा पाय. तो कॅमेऱ्यावर, फ्लॅश सरळ उभा असताना, त्याचा भार पेलण्यासाठी बनवलेला असतो. फ्लॅश आडवा करून पुढे सॉफ्टबॉक्स टांगला, की त्याच पायावर पीळ येतो.

हिशेब करून पाहा. सेलसह फ्लॅश साधारण अर्ध्या किलोचा धरला आणि त्याचा भारमध्य पायापासून १० सेंमीवर मानला, तर फ्लॅश आडवा असताना बॉल हेडवर ५ किलो-सेंमीचा पीळ येतो. सॉफ्टबॉक्स जेमतेम २०० ग्रॅमचा असेल, पण तो २५ सेंमी पुढे असल्यामुळे आणखी तेवढाच पीळ वाढवतो. म्हणजे हाताला हलका वाटणारा तो डबा सांध्यावरचा भार दुप्पट करतो. लहान बॉल हेडचा गोळा एवढ्यावर घसरणारच, आणि अधिक आवळून फक्त त्याचे आटे खराब होतील.

माझा सल्ला असा, की बॉल हेड आणि कोल्ड शू दोन्ही काढून टाकावेत आणि फ्लॅशला पायाने न धरता अंगाने धरणारा ब्रॅकेट घ्यावा. गोडॉक्सचा एस-२ हा त्या प्रकारातला आहे; त्याचे दोन जबडे फ्लॅशच्या अंगाला दोन्ही बाजूंनी कवेत घेतात, पायावर भार येतच नाही आणि सॉफ्टबॉक्सचे वजनही फ्लॅशच्या डोक्यावर न पडता ब्रॅकेटच्या कड्यावर जाते. कठड्यासाठी सुपर क्लॅम्प (हँडलने आवळायचा मजबूत जबडा) घ्यावा आणि त्यात १६ मिमीचा स्टड (धातूचा छोटा खुंटा) बसवून त्यावर ब्रॅकेट चढवावा. दोन्ही वस्तू फोर्टच्या बोरा बाजारात हातात घेऊन, आवळून पाहून घेता येतात, आणि क्लॅम्पच्या बाबतीत तसे पाहणे मला महत्त्वाचे वाटते, कारण स्वस्त नकलांमध्ये हँडलचे आटे कधीकधी फार ढिले असतात.

रिसीव्हर फ्लॅशच्या आतच असेल, तर एक मजला आपोआप कमी होतो. तो बाहेरचा असेल, तर ब्रॅकेटमुळे पाय मोकळा राहतोच. रिसीव्हर पायाला लावून वेलक्रोच्या पट्टीने ब्रॅकेटला बांधून टाकावा.

रबाळे_टर्नर

वरील उत्तराशी सहमत आहे, पण क्लॅम्प विकत घेण्याआधी कठड्याच्या पाइपाचा बाहेरचा व्यास व्हर्निअरने मोजून घ्या. ‘दोन इंची पाइप’ या शब्दावर जाऊ नका. जीआय (जस्ताचा मुलामा दिलेला) पाइप असेल, तर दोन इंच हे त्याचे नाममात्र माप असते आणि आयएस १२३९ या भारतीय मानकाप्रमाणे त्याचा बाहेरचा व्यास ६० मिमीच्या वर भरतो. दीड इंची पाइपाचा बाहेरचा व्यास ४८ मिमीच्या आसपास असतो. उलट, स्टेनलेसच्या कठड्याची नळी बाहेरच्या मापानेच विकली जाते, म्हणजे दोन इंची नळी खरोखर ५०.८ मिमीची असते. मॅनफ्रोटोच्या ०३५ सुपर क्लॅम्पचा जबडा १३ ते ५५ मिमीपर्यंत धरतो. म्हणजे स्टेनलेसची दोन इंची नळी त्यात बसेल आणि जीआयचा दोन इंची पाइप बसणार नाही, जरी दुकानदार दोन्हींना एकच नाव देत असला तरी.

दुसरी गोष्ट स्टडची. सुपर क्लॅम्पच्या भोकाचा आकार षटकोनी आहे. त्यात गोल स्टडही जातो, पण मग तो फक्त बाजूच्या स्क्रूच्या दाबावर थांबतो आणि भार एका बाजूला असला, की फिरू शकतो. षटकोनी बुंध्याचा स्टड घेतला, तर त्याला फिरायला जागाच उरत नाही. बुंध्याला खाच असते, तीत क्लॅम्पची पिन अडकली आहे ना, हे स्टड ओढून पाहावे.

तिसरी गोष्ट आट्यांच्या दिशेची, जिच्याकडे छायाचित्रकार सहसा लक्ष देत नाहीत. स्टडच्या टोकाचे पाव इंची आटे उजवे असतात. स्टड आडवा असेल आणि त्यावर चढवलेल्या वस्तूचे वजन एका बाजूला लटकत असेल, तर वस्तूकडून क्लॅम्पकडे पाहताना ते वजन उजवीकडे असावे, म्हणजे त्याच्या ओढीने सांधा आवळला जातो. डावीकडे असेल, तर गॅलरीतील प्रत्येक धक्क्यासरशी सांधा किंचित उलगडतो. शक्य असेल तर स्टड उभाच ठेवावा. मग हा प्रश्न येत नाही.

स्टेनलेसवर पकड वाढवण्यासाठी जबडा आणि नळी यांच्यामध्ये सायकलच्या ट्यूबचा एकेरी तुकडा ठेवावा. जाड फोम नको. तो काही वेळाने दबतो आणि आवळलेला क्लॅम्प ढिला होतो.

उपवनचा_कॅमेरा

दोघांचेही आभार. नळी मोजली, स्टेनलेसची आहे आणि ५०.८ मिमी भरली. एक फ्लॅश ब्रॅकेटवर जाईल, पण दुसऱ्यासाठी या खेपेला खर्च करणे कठीण आहे. त्याला सॉफ्टबॉक्स न लावता धातूचा कोल्ड शू वापरला तर चालेल का?

नेरूळची_छत्री

चालेल, मात्र दोन पथ्ये पाळावीत. शूची एक बाजू बंद आणि एक उघडी असते. फ्लॅश खाली झुकवल्यावर बंद बाजू खालच्या अंगाला आली पाहिजे, म्हणजे कुलूप ढिले झाले तरी फ्लॅश घसरून बाहेर न येता तिथेच टेकून राहतो. बऱ्याच स्वस्त शूंना फ्लॅशच्या पायातील कुलपाच्या पिनसाठी भोकच नसते, त्यामुळे पिन नुसती धातूवर दाबून बसते. भोक आहे का, ते पाहून घ्या. दुसरे असे, की फ्लॅशच्या तळाचे संपर्कबिंदू धातूला टेकले, तर ते एकमेकांना जोडले जाऊन फ्लॅश आपोआप उडू शकतो किंवा मुळीच उडत नाही. शूच्या तळाला विजेच्या कामाची चिकटपट्टी लावावी.

रंगमंचामागे

इथे सर्व चर्चा फ्लॅश सुटू नये यासाठी चालली आहे आणि ती योग्य आहे, पण प्रशिक्षकांची अट वेगळी आहे. त्यांना सुटलेला फ्लॅशसुद्धा खाली यायला नको आहे. नाट्यगृहात बारवर टांगलेल्या दिव्याला क्लॅम्पशिवाय स्वतंत्र सेफ्टी वायर लावण्याची पद्धत आहे, तीच येथे वापरावी.

दोन-तीन मिमीची पोलादी वायर, दोन्ही टोकांना फास आणि स्क्रूने बंद होणारा हूक, एवढेच लागते. मुंबईत नागदेवीच्या हार्डवेअर दुकानांत ते मिळते. वायरचे एक टोक कठड्याच्या उभ्या दांड्याभोवती घ्यावे, क्लॅम्पला अडकवू नये, नाहीतर क्लॅम्प निसटला तर वायरही त्याच्याबरोबर खाली येईल. दुसरे टोक ब्रॅकेटच्या चौकटीतून ओवावे आणि फ्लॅशला वेलक्रोने त्या चौकटीशी बांधावे. ज्या फ्लॅशला ब्रॅकेट नाही, त्याच्या मानेखाली रुंद वेलक्रो घट्ट गुंडाळून त्याचा फास करावा. हा दुय्यम उपाय आहे, म्हणून तो फ्लॅश मॅटच्या वरच्या बाजूला न लावता, जिथे खाली कोणी बसत नाही अशा कोपऱ्यावर लावावा, असे मी सुचवेन. वायर जेमतेम पुरेल एवढीच ठेवावी, कारण वस्तू जितकी जास्त खाली येऊन थांबेल, तितका झटका मोठा बसतो.

सॉफ्टबॉक्सच्या पुढच्या पांढऱ्या कापडाचा वेलक्रो आणि सेलचे झाकण या दोन्हींवर गॅफर टेपची (मजबूत कापडी चिकटपट्टीची) पट्टी ओढून घ्या. झाकण उघडले, तर चार सेल वायरला न जुमानता सरळ खाली येतात.